डोळेझांक

आपल्या मराठी भाषेंत डोळ्यांवरून जितके वाक्प्रचार रूढ झाले आहेत, तितके दुसऱ्या एखाद्या अवयवावरून क्वचितच झाले असतील. एखादें दृश्य मनाजोगें दिसलें म्हणजे डोळ्यांचें पारणें फिटतें. एखादी वस्तु फार जपावयाची असली म्हणजे आपण ती डोळ्यांत तेल घालून जपतों. आणि समोर दिसत असतांही जें पाहावयाचें नाहीं, त्याकडे डोळेझांक करतों. हे वाक्प्रचार मीं व्याकरणाच्या तासाला पाठ केले, त्यांचा वाक्यांत उपयोग करून दाखविला, आणि त्याबद्दल पुरे गुणही मिळविले. परंतु यांतील शेवटल्या वाक्प्रचाराचा खरा अर्थ मला वर्गांत कळला नाहीं. तो मला माझ्या धाकट्या बहिणीमुळें कळला, आणि तोही तिला नीट बोलतां येऊं लागण्यापूर्वीं. ती हकीकत येथें सांगण्याचें मीं योजिलें आहे. तींत माझी शोभा होईल असें फारसें कांहीं नाहीं. तथापि ती वाचून एखाद्या घरचें एखादें मूल वेळेवर योग्य ठिकाणीं पोंचलें, तर ती लिहिल्याचें सार्थक झालें असें मी समजेन.

छकुलीचा जन्म झाला तेव्हां मी सातव्या इयत्तेंत होतों. तिचें खरें नांव निराळें आहे. परंतु घरांत सर्व जण तिला याच नांवानें हांक मारतात, म्हणून येथेंही तेंच योजितों. बारा वर्षांनीं आमच्या कसबा पेठेंतील घरांत पाळणा हालला, त्यामुळें सर्वांच्या आनंदास पारावार राहिला नाहीं. तिसऱ्या महिन्यांत बारसें झालें. मामानें त्या प्रसंगीं आपल्या मोबाइलवर पुष्कळ छायाचित्रें घेतलीं. त्यांपैकीं एकांत छकुली अगदीं सरळ समोर पाहत आहे. प्रकाशाच्या झोतानें तिच्या उजव्या डोळ्याची बाहुली तांबडी दिसत आहे आणि डाव्या डोळ्याची पांढुरकी. आम्हीं तें छायाचित्र कौतुकानें पाहिलें, दोन डोळ्यांचे दोन रंग आले म्हणून मोबाइललाच हंसलों, आणि दुसरें एक चांगलें छायाचित्र निवडून तें चौकटींत बसविलें.

चवथ्या महिन्यापासून तिचा डावा डोळा मधूनमधून नाकाकडे वळूं लागला. आजीचें म्हणणें असें पडलें कीं, पाळण्यावरील चिमणाळें एका बाजूस बांधलें गेल्यामुळें बाळाची नजर तिकडेच ओढली जाते. म्हणून तिनें तें सोडून दुसऱ्या बाजूस बांधलें. ओळखीच्या एका डॉक्टरांस विचारलें. ते म्हणाले, “तान्ह्या मुलांची नजर स्थिर व्हावयास वेळ लागतो. वर्षाची होईपर्यंत वाट पाहा.” यांतील पहिलें वाक्य खरें होतें. जन्मानंतरचे पहिले दोन-तीन महिने मुलांचे डोळे कधीं कधीं इकडे तिकडे वळतात, आणि मग आपोआप एका रेषेंत येतात. परंतु त्या मुदतीनंतरही जो डोळा वळतच राहतो, त्याच्यासाठीं वाट पाहत बसावयाचें नसतें, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. मनाला जें हवें होतें तेंच ऐकावयास मिळाल्यामुळें, आणखी कोणास विचारावें असें कोणाच्याही मनांत आलें नाहीं.

सातव्या महिन्यांत एके दिवशीं सकाळीं आई तिला घेऊन खिडकीपाशीं उन्हांत बसली होती. एकाएकीं तिनें मला हांक मारली. जाऊन पाहतों तों छकुलीच्या डाव्या बाहुलीच्या काळ्याभोर वर्तुळांत पेजेसारखा पांढरा ठिपका दिसला. आजीनें तो पाहिला आणि ती म्हणाली, “डोळ्यांत फूल पडलें ग बाई!” शेजारच्या एका बाईंनीं डोळ्यांत मधाचें बोट फिरविण्याचा उपाय सुचविला, आणि जातां जातां आईस विचारलें, “पोटांत असतांना ग्रहण पाळलें होतेंस ना?” आई कांहीं बोलली नाहीं, पण तिचा चेहरा एकदम उतरला. वडीलधाऱ्या माणसांपुढें सहसा शब्द न काढणारी माझी आई त्या दिवशीं मात्र मधाची वाटी बाजूस सारून म्हणाली, “डॉक्टरांनीं पाहिल्याशिवाय हिच्या डोळ्यांत मी कांहीं घालूं देणार नाहीं.”

त्याच दुपारीं आम्ही पेठेंतील एका नेत्रवैद्यांकडे गेलों. त्यांनीं लहानशा दिव्यानें तिचे डोळे जेमतेम दोन मिनिटें पाहिले आणि चिठ्ठी लिहिली. ते म्हणाले, “माझ्याकडे येतात ते बहुतेक वयस्क लोक. लहान मुलाचा डोळा म्हणजे मोठ्या माणसाच्या डोळ्याची धाकटी प्रतिकृति नव्हे. मुलांच्याच डोळ्यांचें शास्त्र शिकलेले डॉक्टर असतात, त्यांच्याकडे हिला न्या. आणि पुढल्या आठवड्यांत नव्हे, उद्यांच न्या.” असें बोलून त्यांनीं आमच्याकडून फीही घेतली नाहीं. त्यांच्या त्या न घेतलेल्या फीनेंच आम्हांला प्रथम भीति वाटली.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं दोन बसगाड्या बदलून आम्ही हडपसरच्या बाजूस मोहम्मदवाडी येथील एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयांत गेलों. हें रुग्णालय पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन या संस्थेचें आहे. ही संस्था अंध बांधवांसाठीं १९५२ सालीं पुण्यांत स्थापन झाली. तिच्याही पूर्वीं, १९३४ सालापासून, आपल्या शहरांत अंध मुलांकरितां शाळा व वसतिगृह आहे. कोरेगांव पार्कवरून जातांना त्या शाळेची पाटी मीं अनेकदां वाचली होती. ज्यांची दृष्टि गेली त्यांना शिक्षण आणि काम मिळवून देण्यासाठीं निघालेल्या संस्थेनें पुढें इतरांची दृष्टि जाऊं नये म्हणून रुग्णालय उभारावें, ही गोष्ट त्या दिवशीं रांगेंत बसल्या बसल्या वडिलांनीं मला सांगितली. तेव्हां ती मीं अर्धवट कानांनीं ऐकली. माझें सारें लक्ष समोरच्या बांकावरील मुलांकडे होतें. मोतीबिंदू हा आजीच्या वयाच्या माणसांचा रोग, अशी माझी समजूत. आणि येथें तर चष्मा रबरी पट्ट्यानें डोक्याला बांधलेलीं, नुकतीं चालूं लागलेलीं मुलें एकमेकांच्या हातांतील खेळणीं ओढीत होतीं.

जें मूल बोलत नाहीं, अक्षर ओळखत नाहीं, त्याला किती दिसतें हें कसें कळणार, हा प्रश्न मला पडला होता. डॉक्टरबाईंनीं तो फार सोप्या रीतीनें सोडविला. त्यांनीं आपल्या तळव्यानें छकुलीचा डावा डोळा झांकला. ती खुशाल खुळखुळ्याकडे पाहत राहिली. मग त्यांनीं तिचा उजवा डोळा झांकला. त्याबरोबर तिनें किंकाळी फोडली आणि दोन्ही हातांनीं त्यांचा हात ढकलूं लागली. “पाहिलेंत?” त्या आईस म्हणाल्या, “हिनें आपली साक्ष दिली. उजवा डोळा झांकला म्हणजे हिचें जगच नाहींसें होतें.” त्यानंतर त्यांनीं करड्या रंगाचे लांबट पुठ्ठे काढले. प्रत्येक पुठ्ठ्याच्या एकाच बाजूस काळ्या-पांढऱ्या रेघा होत्या आणि दुसरी बाजू कोरी. तान्हें मूल कोऱ्या जागेपेक्षां रेघांकडे पाहणें पसंत करतें. रेघा क्रमाक्रमानें बारीक करीत गेलें म्हणजे ज्या पुठ्ठ्यापाशीं त्याची नजर रेघांकडे वळेनाशी होते, तेथें त्याच्या दृष्टीची मर्यादा समजावी. उजव्या डोळ्यानें छकुलीनें पुष्कळ बारीक रेघा शोधल्या. डाव्या डोळ्यापुढें सर्वांत जाड रेघांचा पुठ्ठा धरला, तरी तिची नजर कोठेंच थांबेना.

यानंतरचे दोन तास मला आठवतात ते न बोलण्याचे म्हणून. बाहुली पांढरी दिसण्याचीं कारणें अनेक असतात, असें डॉक्टरबाईंनीं सांगितलें होतें. मोतीबिंदू हें त्यांपैकीं एक. दुसरें कारण म्हणजे डोळ्याच्या मागील पडद्यावर उठणारी कर्करोगाची गांठ. ती लहान मुलांसच होते, आणि तींत दृष्टीची नव्हे तर जिवाचीच चिंता करावी लागते. पांढऱ्या भिंगामुळें आंतला पडदा दिसत नव्हता, म्हणून ध्वनिलहरींच्या यंत्रानें डोळ्याच्या मागील भागाचें चित्र घेण्यांत आलें. गांठ नव्हती, पडदा जागच्या जागीं होता. मोतीबिंदूच होता. ज्या रोगाचें नांव ऐकून आदल्या दिवशीं आम्हांस धडकी भरली असती, तोच रोग आहे असें ऐकून माझे वडील भिंतीला टेकून खालीं बसले आणि त्यांनीं हात जोडले.

मग कारणांची चौकशी झाली. गरोदरपणांत ताप आला होता काय, अंगावर पुरळ उठलें होतें काय, हें डॉक्टरबाईंनीं विचारलें. ऑस्ट्रेलियांतील नॉर्मन ग्रेग नांवाच्या नेत्रवैद्यांनीं १९४१ सालीं असें दाखवून दिलें कीं, जन्मतः मोतीबिंदू असलेल्या ज्या ७८ बालकांची त्यांनीं पाहणी केली, त्यांपैकीं बहुतेकांच्या मातांना गरोदरपणाच्या आरंभीं रुबेला, म्हणजे जर्मन गोंवर, येऊन गेला होता. मुलांना आज जी गोंवर-रुबेलाची लस देतात, ती या दुःखावरचीही लस आहे. छकुलीच्या रक्ताची तपासणी झाली, हृदयही पाहिलें, रुबेलाचा मागमूस सांपडला नाहीं. “एकाच डोळ्यांत मोतीबिंदू असला म्हणजे पुष्कळदां त्याचें कारण सांपडतच नाहीं,” त्या म्हणाल्या. आईनें खालीं मान घालून हळूच विचारलें, “ग्रहणाचें कांहीं नसतें ना?” डॉक्टरबाईंनीं हातांतील लेखणी ठेवली. “ग्रहणाचा आणि याचा कांहीं संबंध नाहीं. तुमच्या हातून कांहींही चुकलेलें नाहीं. हें वाक्य घरीं गेल्यावर सर्वांना सांगा. माझें नांव घेऊन सांगा.” घरीं आल्यावर कळलें कीं, आजीही मनांतल्या मनांत झुरत होती. वर्षापूर्वीं तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली होती, आणि आपलाच रोग मांडीवरच्या नातीला लागला असें तिनें ठरवून टाकलें होतें.

परंतु कारणापेक्षां काळाचा प्रश्न अधिक कठीण होता. तो डॉक्टरबाईंनीं मलाही कळेल अशा शब्दांत समजावून दिला. डोळा चित्र घेतो. पाहतो तो मेंदू. जन्मल्याबरोबर मेंदूला पाहतां येत नसतें. डोळ्यांकडून रोज येणाऱ्या चित्रांवरून तो पाहणें शिकतो, आणि हें शिक्षण आयुष्याच्या पहिल्या कांहीं वर्षांतच, त्यांतही पहिल्या कांहीं महिन्यांत विशेषेंकरून, होतें. ह्यूबेल व वीझेल या दोन शास्त्रज्ञांनीं मांजराच्या पिलांचा एक एक डोळा कांहीं काळ बंद ठेवून पाहिला. पुढें तो उघडला तेव्हां डोळा स्वतः निर्दोष होता. परंतु मेंदूनें त्याची जागा दुसऱ्या डोळ्याला देऊन टाकली होती. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर मात्र असें कांहीं होत नसे. या संशोधनाबद्दल त्यांस १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणूनच म्हातारपणचा मोतीबिंदू सहा महिने थांबूं शकतो. आजीचा थांबलाही होता. तान्ह्या मुलाचा थांबूं शकत नाहीं. एका डोळ्यांत जन्मतःच दाट मोतीबिंदू असला, तर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत तो काढणें सर्वांत हितकर. छकुलीला आठवा महिना लागला होता.

आईनें काहीं न बोलतां वडिलांच्या मोबाइलमधील बारशाचें तें छायाचित्र शोधून काढलें आणि डॉक्टरबाईंपुढें धरलें. त्यांनीं तें पाहिलें आणि नुसती मान हालविली. त्या मान हालविण्याचा अर्थ आम्हां सर्वांस समजला.

पुढल्याच आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली. लहान मुलाला पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून त्या दिवशीं पहाटेपासून तिला दूध द्यावयाचें नव्हतें. भुकेनें रडणाऱ्या मुलीला मांडीवर घेऊन बसणें हें आईला शस्त्रक्रियेहूनही कठीण गेलें. मोठ्या माणसांचें गढूळ झालेलें भिंग कठीण असतें. मुलांचें मऊ असतें, तें बारीक नळीनें ओढून काढतात. मागील पातळ पापुद्रा तसाच ठेवला तर मुलांत तो लवकरच पुन्हां गढूळ होतो, म्हणून त्यालाही मध्यभागीं वाट करून ठेवतात. नवें भिंग आंत बसविलें नाहीं. जन्मतः डोळ्याची लांबी सुमारें १७ मिलिमीटर असते आणि पुढें ती २३-२४ मिलिमीटरांपर्यंत वाढते. वाढत्या पायाला आज बेतलेला जोडा उद्यां कसा यावा? म्हणून भिंग पुढें मोठेपणीं बसवावयाचें आणि तोंपर्यंत चष्मा, असें ठरलें. चष्मा आला. त्याची एक कांच साधी आणि दुसरी बाटलीच्या बुडाएवढी जाड होती. ती जाड कांचही जवळचें दिसावें अशाच बेतानें केलेली होती. कारण तान्ह्या मुलाचें जग त्याच्या हाताच्या लांबीएवढेंच असतें.

आम्हांस वाटलें, संकट टळलें. डॉक्टरबाई म्हणाल्या, “माझें काम झालें, आतां तुमचें सुरू झालें.” मेंदूनें उजव्या डोळ्याशींच संगत धरली होती, डाव्याची आठवण त्याला करून द्यावयाची, तर उजवा डोळा रोज ठराविक वेळ चिकटपट्टीनें बंद ठेवला पाहिजे. पिलांचा डोळा बंद केल्यानें जो नियम कळून आला, तोच नियम येथें उलटा वापरावयाचा; सबळ डोळ्याला घटकाभर बाजूस बसवून दुर्बळ डोळ्याला त्याचा वांटा मिळवून द्यावयाचा. आरंभीं थोडा वेळ, मग वाढवीत रोज चार तास, असें त्यांनीं लिहून दिलें. आई अर्ध्या दिवसाची नोकरी करीत असे. सकाळच्या शाळेंतून मी साडेबारापर्यंत घरीं येत असें. तेव्हां दुपारचे चार तास माझ्याकडे आले.

आतां जें सांगावयाचें आहे तें सांगतों. पट्टी लावली कीं छकुली रडे. तें रडणें हट्टाचें नव्हतें. भरल्या घरांत एकाएकीं दिवे जावेत आणि कोणीं हांकेला ओ देऊं नये, तसें तें होतें. ती चाचपडत माझ्या सदऱ्याला धरी आणि बोटानें पट्टीकडे दाखवून “दादा, दादा” म्हणे. तो शब्द तिला नुकताच येऊं लागला होता. आजी पदर डोळ्यांना लावून म्हणे, “पोरीचा चांगला डोळा झांकून काय मिळवतां रे?” पहिले कांहीं दिवस मीं दम धरला. मग एके दिवशीं अर्ध्या तासानें पट्टी काढली. ती लागलीच शांत झाली, खेळूं लागली, आणि माझ्या गळ्यांत पडली. आई येण्याच्या सुमारास मीं नवी पट्टी लावली. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तसेंच केलें. तिसऱ्या दिवशीं त्याचें कांहीं वाटेनासें झालें. मी स्वतःस दयाळू समजत होतों. खरें सांगावयाचें तर तिच्या रडण्यानें माझ्या अभ्यासांत आणि खेळांत व्यत्यय येई, तोही टळत होता. दया आणि सोय यांची गांठ मीं मोठ्या खुबीनें मारली होती. असे दोन महिने गेले.

दोन महिन्यांनीं पुन्हां ते रेघांचे पुठ्ठे निघाले. डॉक्टरबाई एकामागून एक पुठ्ठा धरीत होत्या. डाव्या डोळ्याची प्रगति जवळ जवळ शून्य होती. त्यांनीं शांतपणें विचारलें, “पट्टी रोज किती वेळ असते?” आई म्हणाली, “चार तास. माझा मुलगा लावतो. एकही दिवस चुकला नाहीं.” तें सांगतांना तिच्या स्वरांत माझ्याविषयीं जो अभिमान होता, तो मी जन्मांत विसरणार नाहीं. डॉक्टरबाईंनीं माझ्याकडे पाहिलें. मीं भिंतीवरील चित्राकडे पाहिलें. त्या म्हणाल्या, “मग आंत कांहीं दुसरा दोष राहिला आहे काय, तें पाहिलें पाहिजे. पुन्हां भूल देऊन तपासूं.”

बसमध्यें छकुली आईच्या खांद्यावर झोंपली होती. तिला पुन्हां उपाशी ठेवणार, पुन्हां भूल देणार, आणि तीही ज्या दोषासाठीं, तो तिच्या डोळ्यांत नसून माझ्यापाशीं होता. हडपसरच्या पुढें आल्यावर मीं आईला सर्व सांगितलें. तिनें मला मारलें नाहीं, रागेंही भरली नाहीं. ती खिडकीबाहेर पाहत राहिली, आणि बस स्वारगेटला पोंचल्यावर म्हणाली, “चल, परत जाऊं. डॉक्टरांना आजच सांगितलें पाहिजे.” आम्ही त्याच पावलीं परत फिरलों. डॉक्टरबाईंनीं माझें बोलणें पुरें ऐकून घेतलें. त्या म्हणाल्या, “पुष्कळ घरांत हें होतें, कबूल करतात ते थोडे. तूं सांगितलेंस म्हणून एक भूल वांचली. गेलेले दोन महिने मात्र तुला कोणी परत देऊं शकणार नाहीं. तेव्हां पुढल्या दिवसांचा हिशेब ठेव.”

त्या रात्रीं मीं कागदाला तेल लावून तो जुन्या चष्म्याच्या एका कांचेवर चिकटविला, दुसऱ्या डोळ्यावर छकुलीची पट्टी लावली, आणि घरांत पाणी प्यावयास निघालों. माठापर्यंत पोंचण्यापूर्वीं दोनदां ठेंच लागली. समोर कोणी तरी उभें होतें; ती आजी कीं आई हें आवाज ऐकेपर्यंत कळलें नाहीं. पांच मिनिटांत मीं पट्टी ओढून काढली. छकुलीला तीच पट्टी चार तास ठेवावयाची होती, आणि तिनें रडूंही नये अशी आमची अपेक्षा होती!

दुसऱ्या दिवसापासून भिंतीवरील कालनिर्णयाच्या प्रत्येक चौकटींत निळ्या पेन्सिलीनें तास लिहूं लागलों. चुकले तर तेही लिहिले. रडण्यावर एकच उपाय होता, आणि तो म्हणजे त्या डोळ्याला पाहण्यासारखें कांहीं तरी देणें. काळ्या ताटांत पांढरे चुरमुरे पसरून ठेवले. ती एक एक वेंचून खाऊं लागली. पितळी भांड्यावर ऊन पाडून कवडसा भिंतीवर नाचविला. संध्याकाळीं शनिवारवाड्यापुढें नेऊन कबुतरें दाखविलीं. आरंभीं तीं तिला उडतांनाच तेवढीं दिसत, बसलेलीं दिसत नसत. ज्या दिवशीं तिनें पट्टीसकट बसलेल्या कबुतराकडे बोट केलें, त्या दिवसाच्या चौकटींत मीं तासांऐवजीं कबुतर काढलें. आजीचाही विरोध हळूहळू मावळला. पुढें तर पट्टीची वेळ झाली कीं तीच घड्याळाकडे बोट करी.

आज छकुली चार वर्षांची आहे. चित्रांच्या तक्त्यावर उजव्या डोळ्यानें ती शेवटची ओळ सांगते. डाव्या डोळ्यानें वरच्या दोन. डावा डोळा उजव्याची बरोबरी कधींच करणार नाहीं, हें डॉक्टरबाईंनीं स्पष्ट सांगितलें आहे; भिंग बसविण्याची शस्त्रक्रिया अजून व्हावयाची आहे, आणि पट्टीही आणखी कांहीं वर्षें राहील. त्या उण्या ओळींपैकीं किती बारशाच्या छायाचित्राच्या, किती वाट पाहण्याच्या आणि किती माझ्या दोन महिन्यांच्या, ही वांटणी कोणासही करतां येणार नाहीं. परंतु उद्यां कांहीं कारणानें उजव्या डोळ्यास इजा झाली, तर तिला घरांतून वावरतां येईल, माणसें ओळखतां येतील, एवढी दृष्टि डाव्या डोळ्यांत आली आहे. मध्यंतरीं एके दिवशीं मी वाचीत बसलों असतां तिनें मागून येऊन माझ्याच डोळ्यावर पट्टी चिकटविली आणि मला बजावलें, “दादा, रडायचें नाहीं. चार तास.”

वाचक हो, आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं धाकटीं भावंडें असतील. तीन-चार महिन्यांच्या पुढें मुलाचा डोळा तिरका राहत असेल, बाहुली पांढरी दिसत असेल, बुबुळें सारखीं लुकलुकत असतील, मूल आईच्या चेहऱ्याकडे पाहून हंसत नसेल, किंवा एक डोळा झांकला असतां रडत असेल आणि दुसरा झांकला असतां रडत नसेल, तर वाट पाहूं नका, मध घालूं नका. मुलांच्या नेत्रतज्ज्ञांकडे जा. चौतीस आठवड्यांच्या आंत जन्मलेल्या किंवा २००० ग्रॅमपेक्षां कमी वजनाच्या बालकाचे डोळे तर वरून कितीही चांगले दिसोत, जन्मापासून ३० दिवसांच्या आंत तपासून घेतलेच पाहिजेत. त्यांचा रोग मागील पडद्यावर असतो, तो घरीं दिसत नाहीं. पैशांची अडचण असेल त्यांनीं अंगणवाडींत चौकशी करावी. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें पथक अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत मुलांना तपासावयास येतें, आणि जन्मतः असणारा मोतीबिंदू हा त्यांच्या यादींतील एक रोग आहे. आणि आज घरीं गेल्यावर एवढें तरी कराच. बारशाचीं, वाढदिवसाचीं जीं छायाचित्रें आपण हंसून बाजूस ठेवलीं असतील, तीं पुन्हां काढा आणि त्यांतील बाळाचे दोन्ही डोळे नीट पाहा.

— एक विद्यार्थी, इयत्ता १० वी